पाठीवर साऱ्या वर्गाची नावे

शाळेचे शेवटचे वर्ष आले की घरात थोडी हुरहूर असते आणि थोडा खर्चही असतो. आपल्याकडे चौथीचा किंवा सातवीचा वर्ग गावच्या शाळेतून बाहेर पडतो, तेव्हा निरोपाचा समारंभ होतो. गुरुजी चार शब्द सांगतात, बाई डोळे पुसतात, चिवडा-पेढे वाटले जातात, सगळ्यांचा मिळून एक फोटो निघतो आणि मुले पुढच्या शाळेची वाट धरतात. अलीकडे या समारंभात कपड्यांचा विषय शिरला आहे. कुठे मुलींनी साड्या नेसून यायचे ठरते, कुठे मुलांनी एकसारखे शर्ट घालायचे ठरते, तर कुठे साऱ्या वर्गाने नावे छापलेले टी-शर्ट करायची टूम निघते.

हौस वाईट नाही. पण कापसाचे पैसे अजून हाती आलेले नसतात, उसाचे बिल अडकलेले असते, आणि अशा वेळी मूल येऊन सांगते की उद्या शाळेत पैसे न्यायचे आहेत. मग आईबापांच्या जिवाची घालमेल होते. काही मुले हट्ट धरतात. काही मुले घरची परिस्थिती ओळखून पैशांचे नावच काढत नाहीत आणि समारंभाच्या दिवशी पोट दुखते म्हणून घरी राहतात. आजचा लेख या दुसऱ्या मुलांसाठी आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या गावचा नाही. ऑस्ट्रेलियात प्राथमिक शाळा सोडणाऱ्या मुलांसाठी आठवणीचा शर्ट करण्याची रीत चांगली रुळली आहे. रीत रुळली म्हणून वाद आले आणि वाद आले म्हणून शाळांनी नियम केले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असे आपण म्हणतो. तेव्हा ते नियम काय आहेत आणि ते का करावे लागले, हे आपणही समजून घ्यावे.

तिकडची शाळा

ऑस्ट्रेलियात ऋतू आपल्या उलट असतात. डिसेंबर-जानेवारीत ऐन उन्हाळा आणि जून ते ऑगस्ट हिवाळा. शाळेचे वर्ष जानेवारीच्या अखेरीस सुरू होते आणि डिसेंबरात संपते. वर्षाची चार सत्रे असतात. पहिलीच्या आधीचे एक वर्ष धरून सहावीपर्यंत प्राथमिक शाळा असते आणि सातवीला मूल माध्यमिक शाळेत जाते. पूर्वी काही राज्यांत सातवीही प्राथमिक शाळेतच होती. क्वीन्सलंड आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया या राज्यांनी ती २०१५ साली माध्यमिककडे नेली. दक्षिण ऑस्ट्रेलियाने तेच २०२२ साली केले. त्यामुळे तेथे २०२१ च्या डिसेंबरात सहावी आणि सातवी असे दोन्ही वर्ग एकाच वेळी प्राथमिक शाळेतून बाहेर पडले. शेवटच्या वर्षाचा मान आजवर सातवीचा होता. तो त्या साली दोन्ही वर्गांच्या वाट्याला आला.

सरकारी प्राथमिक शाळांतही बहुतेक ठिकाणी गणवेश असतो. तो साधा असतो. शाळेच्या रंगाचा, कॉलरचा, अर्ध्या बाहीचा होजिअरी कापडाचा शर्ट, खाली अर्धी चड्डी किंवा स्कर्ट, थंडीत जाड जर्सी आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी.

शेवटच्या वर्गाची मुले या नेहमीच्या शर्टाऐवजी वेगळा शर्ट घालतात. त्याच्या छातीवर शाळेचे बोधचिन्ह असते आणि पाठीवर वर्गातल्या सगळ्या मुलांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात. पुष्कळदा ही नावे अशी मांडतात की दुरून पाहिले तर त्या सालाचा मोठा आकडा दिसावा. जवळ गेले की त्या आकड्यात आपल्या मित्राचे नाव सापडते. थंडीसाठी कोणी याच पद्धतीची जर्सी किंवा डोके झाकणारी टोपी जोडलेला जाड सदराही करतात.

इंग्लंडातही अशी रीत आहे. तेथेही सहावीनंतरच मुले प्राथमिक शाळा सोडतात. पण तेथे नावे छापलेला सदरा बहुधा शेवटच्या उन्हाळी सत्रात येतो. ऑस्ट्रेलियात पुष्कळ शाळांत तो वर्षाच्या आरंभीच येतो आणि मुले तो वर्षभर गणवेश म्हणून घालतात. खर्चाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. त्याकडे पुढे येऊच.

वर्षभर घालण्याचा आणखी एक उपयोग आहे. तिकडे बऱ्याच शाळांत शाळेत नव्याने आलेल्या लहान मुलाला मोठ्या वर्गातला एक सोबती नेमून देतात. डबा खाताना, मैदानावर, पडले-झडले तर त्याने लहानग्याकडे पाहायचे. मैदानावरच्या गर्दीत लहान मुलाला तो वेगळा शर्ट लांबून ओळखू येतो. शर्ट घालणाऱ्या मुलालाही आपण आता शाळेत सर्वांत मोठे आहोत, याचे भान राहते.

नियम आणि त्यांची कारणे

शाळाशाळांचे नियम वेगळे असतात. तरी काही गोष्टी पुन्हा पुन्हा आढळतात.

पहिला नियम रंगाचा. मुलांना नक्षी निवडता येते, मते घेऊन ठरवताही येते, पण रंग शाळेच्या गणवेशाशी जुळणारेच हवेत. मुले सहलीला किंवा सामन्याला बाहेर जातात, तेव्हा कोणते मूल आपल्या शाळेचे, हे शिक्षकांना एका नजरेत कळावे लागते.

दुसरा नियम कॉलर आणि बाहीचा. याचे कारण ऊन. ऑस्ट्रेलियाचे ऊन कातडीला फार अपायकारक असते आणि त्वचेच्या कर्करोगाचे प्रमाण त्या देशात जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांच्या पंक्तीत आहे. १९८१ सालापासून तेथे सदरा घाला, मलम लावा, टोपी घाला अशी मोहीम चालू आहे. शाळांत तर टोपी नसेल त्या मुलाने मैदानात खेळायचे नाही, असा दंडक असतो. अशा ठिकाणी मुलांनी बिनबाह्यांचा किंवा उघड्या गळ्याचा शर्ट पसंत केला, तर शाळा तो नामंजूर करते. मुलांना हे जाचक वाटते. पण आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात उघड्या अंगाने रानात जाणाऱ्या पोराला आजी हाक मारून सदरा घालायला लावते, त्यातलाच हा प्रकार.

तिसरा नियम नावांचा. काही शाळा पाळण्यातले नावच छापतात, टोपणनाव छापत नाहीत. टोपणनाव म्हणजे प्रेमाचे नाव, असे मोठ्यांना वाटते. पण वर्गात कोणाला जाड्या म्हणतात, कोणाला आणखी काही म्हणतात. तेच नाव तीसजणांच्या पाठीवर वर्षभर मिरवले, तर त्या मुलाच्या जिवाला काय वाटेल? म्हणून यादी छापायला जाण्याआधी शिक्षक ती पाहतात आणि पालकांना दाखवतात. आपल्या मराठी कुटुंबांना या पायरीवर जरा जास्त लक्ष घालावे लागते. सिडनी, मेलबर्न, ॲडलेड या शहरांत आता पुष्कळ मराठी घरे आहेत. ज्ञानेश्वरी, हृषीकेश, कृष्णाई अशी नावे इंग्रजी अक्षरांत कशी लिहायची, हे आईबापांनीच ठरवून द्यावे लागते. एक अक्षर चुकले तर ते साऱ्या वर्गाच्या पाठीवर चुकते. आणि तो फोटो गावाकडे आजी-आजोबांच्या फोनवर येतो, तेव्हा चष्मा लावून नातवाचे नाव शोधले जाते, हे वेगळे सांगायला नको.

चौथा नियम यादीत कोण असावे याचा. वर्ष सुरू झाल्यावर नवीन मूल वर्गात आले तर काय करायचे? शर्ट तर छापून झालेले. काही ठिकाणी यादी ठराविक तारखेला बंद करतात. त्यामुळे हिशेब सोपा होतो, पण नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून आपण परके असल्याचे कळते. आधीच विचार केला तर वाट निघते. नाव मागाहून छापून घेता येईल एवढी जागा सोडायची आणि छापणाऱ्याशी तसे बोलून ठेवायचे.

पाचवा नियम शर्ट कधी घालायचा याचा. कुठे रोज चालतो, कुठे ठरलेल्या वारीच. शाळेचा फोटो, बाहेरगावची सहल किंवा सामने असतील त्या दिवशी मात्र अनेक शाळा नेहमीचाच गणवेश मागतात. आणि हा शर्ट शेवटच्या वर्गानेच घालायचा. मोठ्या भावाचा जुना शर्ट धाकट्याने घातलेला चालत नाही, कारण त्यावर साल असते, नावे असतात.

हे नियम कोण करते? मुख्याध्यापक एकटे करीत नाहीत. व्हिक्टोरिया राज्यात शाळेचे एक मंडळ असते. दक्षिण ऑस्ट्रेलियातही तसेच मंडळ असते. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये पालक आणि नागरिक यांची मिळून संघटना असते. गणवेशाचा विषय या ठिकाणी पालकांसमोर येतो आणि चर्चा होऊन ठरतो. पालकाला तक्रार करायची असेल, तर कोणासमोर करायची हे माहीत असते.

ऐच्छिक म्हणजे काय

आता खर्चाचे पाहू. असा एक शर्ट साधारण ३५ ते ४५ डॉलरला पडतो. आपल्या रुपयांत दोन-अडीच हजार. जाड जर्सी घेतली तर त्याहून जास्त. तिकडची मिळकत मोठी, हे खरे. पण तिकडचे घरभाडे, किराणा, मजुरी सारेच मोठे. आणि हातावर पोट असलेली घरे तिथेही आहेत. शेतकऱ्यांचेच घ्या. २०१७ ते २०१९ या काळात न्यू साउथ वेल्समध्ये कडक दुष्काळ पडला. चारा संपला, पाणी आटले, कित्येकांनी मेंढ्या आणि गुरे विकून टाकली. ज्या घरातून जनावरे गेली, त्या घरातल्या मुलाचे शाळेतले शेवटचे वर्ष काही थांबत नाही.

शाळेच्या पत्रकात लिहिलेले असते की हा शर्ट घेणे ऐच्छिक आहे. कायद्याच्या दृष्टीने ते ठीक. पण या शब्दाचा मुलाच्या दृष्टीने काय अर्थ होतो, ते पाहा. वर्गात २८ मुले आहेत. २६ मुलांनी शर्ट घेतला, दोघांना घेता आला नाही. वर्गाची यादी पुरी हवी म्हणून त्या दोघांची नावे सगळ्यांच्या पाठीवर छापलेली आहेत. साऱ्या वर्गाच्या पाठीवर त्यांचे नाव आहे, फक्त त्यांच्या स्वतःच्या पाठीवर नाही. आणि हे एका दिवसाचे नाही, जानेवारी ते डिसेंबर रोजचे आहे. पत्रकात ऐच्छिक लिहिले म्हणून त्या दोघांचे दुःख कमी होत नाही. उलट, घ्यायचा की नाही ते तुमच्यावर होते, असे म्हणायला शाळा मोकळी होते.

गरीब घरांना गणवेशासाठी मदत मिळण्याची सोय तिकडे आहे. व्हिक्टोरिया राज्यात 'स्टेट स्कूल्स रिलीफ' नावाची संस्था १९३० साली, जागतिक मंदीच्या काळात निघाली. ती आजही गरजू मुलांना गणवेश आणि बूट पुरवते. तिची एक पद्धत घेण्यासारखी आहे. पालकाने तिच्या दारात जाऊन हात पसरायचा नसतो. शाळाच मुलासाठी मागणी करते. दक्षिण ऑस्ट्रेलियात कमी उत्पन्नाच्या घरांना शाळेच्या आकारात मदत देणारी 'स्कूल कार्ड' योजना आहे. व्हिक्टोरिया सरकारने २०२५ च्या शालेय वर्षासाठी सरकारी शाळेतल्या प्रत्येक मुलामागे ४०० डॉलरची मदत दिली. ती गणवेश, पुस्तके आणि सहली यांना वापरता येत होती.

पण अशा मदतीचा मुख्य रोख जरुरीच्या कपड्यांवर असतो. आठवणीचा शर्ट जरुरीचा की हौसेचा, असा प्रश्न निघाला की तो सहज हौसेच्या बाजूला पडतो. गणवेशाचे जुने कपडे शाळेच्या दुकानात स्वस्तात मिळतात, गरजू घरे त्यावर भागवतात. हा शर्ट मात्र जुना मिळूच शकत नाही, कारण दरसाल नावे बदलतात. म्हणजे हातचे राखून खर्च करणाऱ्या घरांची नेहमीची वाट इथे बंद होते.

म्हणून ज्या शाळा विचारी आहेत, त्या दोनतीन गोष्टी करतात. मागणी आदल्या वर्षाच्या शेवटच्या सत्रात घेतात, म्हणजे पैसे हप्त्याहप्त्याने देता येतात. शर्ट वर्षारंभी हाती येतो, त्यामुळे गणवेशाचा एक नेहमीचा शर्ट कमी घ्यावा लागतो आणि खर्च पुष्कळसा भरून निघतो. तोच शर्ट वर्षाच्या शेवटी घेतला तर सगळाच खर्च जादा, आणि चार आठवड्यांत मूल दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या गणवेशात. कापड तेच, नावे तीच, फक्त घेण्याच्या वेळेने हौस परवडते किंवा जड जाते.

पालक मंडळी शाळेसाठी पैसेही उभे करतात. तिकडे निवडणुकीचे मतदान शनिवारी असते आणि मतदान केंद्रे बहुधा शाळांतच असतात. त्या दिवशी पालक शाळेच्या आवारात चूल मांडून मांसाची सुरळी भाजतात, पावात घालून मतदारांना विकतात, शेजारी घरच्या केकचे टेबल लावतात. २०२५ साली ३ मे रोजी देशाची निवडणूक झाली, तेव्हाही शाळाशाळांतून हे चित्र दिसले. अशा कमाईतून एखाद्या मुलाच्या शर्टाचे पैसे गुपचूप भरले, तर ते कोणाला कळत नाही आणि कळू देऊही नये.

छोट्या खेड्यांतल्या शाळांची तऱ्हा निराळी. शेतावरची घरे लांब लांब, सगळ्या शाळेत वीस-पंचवीस मुले आणि सहावीत दोनतीनच. एवढ्याशा मागणीला छापणारा तयार होत नाही किंवा दर वाढवतो. अशा वेळी साऱ्या शाळेच्या मुलांची नावे एका शर्टावर घालता येतात आणि तो शर्ट सगळ्यांनाच घेता येतो. मग वेगळे पडणारे मूलच उरत नाही.

कापडाविषयी थोडे

कापूस पिकवणाऱ्या वाचकांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. असे नावे छापलेले बरेच शर्ट पॉलिस्टरचे असतात. त्याचे कारण छपाईत आहे. एका पद्धतीत रंग तापवून त्याची वाफ करतात आणि ती वाफ धाग्यात मुरते. असा रंग धुण्याने जात नाही. पण ही क्रिया पॉलिस्टरच्या धाग्यावरच नीट होते, सुती धाग्यात तो रंग धरत नाही. सुती कापडावर छापायचे तर जाळीच्या चौकटीतून रंग दाबून छापावे लागते. गावोगाव मंडळांचे, दिंड्यांचे टी-शर्ट छापतात ती हीच पद्धत. ऑस्ट्रेलिया स्वतः न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंडमध्ये उत्तम कापूस पिकवतो आणि जवळजवळ सारा बाहेर विकतो. तरी तिकडची पोरे उन्हाळ्यात पॉलिस्टर घालून घामेजतात. आपण तरी मुलांसाठी काही करायचे ठरवले, तर निदान कापड सुती पाहावे. ते घाम टिपते आणि जुने झाले तर घरात पुसायला, शिवायला, गोधडीला उपयोगी पडते. पॉलिस्टरचे तसे नाही.

आपल्या शाळेत काय करावे

आता आपल्याकडे वळू. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत असावे, असा २००९ चा कायदा आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ज्या फीमुळे किंवा खर्चामुळे मुलाचे शिक्षण अडेल, तो मुलावर लादता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत निरोपाच्या कपड्यांसाठी कोणावरही सक्ती करता येत नाही. हे पालकांनी पक्के ध्यानात ठेवावे.

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे पालक असावे लागतात आणि निम्म्या सभासद महिला असाव्या लागतात. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या पालकांना जे व्यासपीठ आहे, ते आपल्यालाही आहे. आपण सभेला जात नाही, एवढाच फरक. गणवेशाचेच पाहा. सरकारी योजनेतून मुलांना वर्षाला दोन गणवेश मिळतात आणि एका गणवेशामागे ३०० रुपये धरलेले असतात. २०२४-२५ साली हे काम राज्य पातळीवरून करून पाहिले. अनेक शाळांत गणवेश वेळेवर पोहोचले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने निर्णय बदलला आणि २०२५-२६ पासून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले. तेव्हा गणवेश ठरवणारी समितीच निरोपाच्या कपड्यांविषयीही बोलू शकते. तिने बोलावे.

काय बोलावे, याविषयी काही सूचना आहेत.

१. विषय फेब्रुवारीत काढू नये, दिवाळीपूर्वी काढावा. उशिरा निघालेली टूम घाईत जाते आणि घाईत गरिबाचा विचार राहतो.

२. करायचे तर सगळ्यांसाठी, नाहीतर कोणासाठीच नाही. वर्गातले एक जरी घर मागे राहत असेल, तर आधी त्या घराची सोय लावावी आणि मगच कापड पाहावे.

३. पैसे मुलांच्या हाती मागू नयेत. कोणी दिले, कोणी दिले नाहीत, याची यादी फळ्यावर लिहू नये, वर्गात वाचू नये. हिशेब समितीतल्या एकाच जाणत्या माणसाकडे असावा.

४. एका दिवसासाठी कपडे करू नयेत. नावांचा शर्ट हवाच असेल तर तो वर्षारंभी, गणवेशाच्या दोन शर्टांना जोड म्हणून चालेल असा करावा आणि मापाला थोडा मोठा घ्यावा. या वयात मुले झपाट्याने वाढतात.

५. मुलींना साडीचा आग्रह नको. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला आईची साडी सांभाळता येत नाही. सारा दिवस पदर आणि निऱ्या सावरण्यात जातो. मग परकर-पोलके, दागिने, वेणी असा खर्च वाढत जातो. स्वच्छ धुतलेला गणवेश हाच त्या दिवशी शोभतो.

६. समितीने ठरवलेले दोन ओळींत लिहून शाळेच्या फलकावर लावावे. लिहिलेले असले की पुढल्या वर्षी कोणी नवी टूम काढली तरी तिला आधार राहत नाही.

पैसे न लागता आठवण ठेवायची असेल तर तेही जमते. इंग्लंडात शेवटच्या दिवशी मुले एकमेकांच्या पांढऱ्या शर्टावर सह्या करतात. काही शाळा त्याला मनाई करतात, कारण तो शर्ट धाकट्या भावंडाला उपयोगी पडला असता. आपण त्याहून बरे करू शकतो. प्रत्येक मुलाच्या जुन्या, फाटक्या गणवेशातून वीतभर तुकडा घ्यावा. त्यावर मुलाने स्वतःच्या अक्षरात नाव लिहावे आणि मोठ्या मुलींनी, मुलांनीही, त्यावर दोऱ्याने धावदोरा घालावा. गावातल्या आयांनी किंवा बचत गटातल्या बायांनी ते सगळे तुकडे जोडून एक गोधडी शिवावी आणि ती शाळेला द्यावी. जूनमध्ये पहिलीत येणारी पोरे त्या गोधडीवर बसतील. त्यात सरपंचाच्या मुलाचा तुकडा आणि सालगड्याच्या मुलीचा तुकडा शेजारी शेजारी असेल आणि कोणता कोणाचा, हे नाव वाचल्याशिवाय कळणार नाही.

वाचकहो, निरोपाचे दिवस जवळ येतील तेव्हा शाळेतून आलेल्या निरोपाला नुसते हो किंवा नाही म्हणू नका. समितीच्या सभेला जा. नवऱ्याला रानातून सवड नसेल तर बाईने जावे, तिचा तिथे बरोबरीचा हक्क आहे. आणि सभेत पहिला प्रश्न हाच विचारावा की आपल्या वर्गात हे कोणाला परवडणार नाही आणि त्याचे काय करायचे. ज्याला परवडते त्याने हा प्रश्न विचारणे जास्त बरे, कारण ज्याला परवडत नाही त्याच्या तोंडून तो निघत नाही.